सातव्या प्रकरणाचं संपादन

पुणे, ८ जून २०२५

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर सांगता आलं असतं, पण हे पत्रातच लिहायचं आहे आणि तूही उत्तर पत्रानंच द्यायचं आहेस. का ते सांगते.

सानवी बारावीत गेली. तिला परदेशातल्या विद्यापीठात पाठवायचं केतनचं आणि माझं ठरलं आहे. तिथे नुसत्या मार्कांवर भागत नाही. अभ्यासाशिवाय मुलानं काय काय केलं तेही अर्जात लिहावं लागतं. त्यासाठी दहा रकाने असतात. आम्ही एक सल्लागार बाई लावल्यात. व्हायोलिन, रोबोटिक्स, झाडं लावणं, वृद्धाश्रमात गाणी म्हणणं आणि गेल्या मे महिन्यात मांडवीच्या किनाऱ्यावर तुझ्याकडे राहून दोन तास कचरा गोळा केला तो, असं काही ना काही धरून नऊ रकाने भरलेत. बाईंनी यादी बघितली आणि म्हणाल्या, हे सगळ्यांकडेच असतं. दहावा असा पाहिजे की वाचणारा थांबेल.

मग मी सहज तुझ्या कादंबरीचं बोलले. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माझ्या बहिणीनं निवृत्त झाल्यावर सहा वह्या भरून कादंबरी लिहिली आहे म्हटलं. बाई खुर्चीत सरळ झाल्या. आता असं ठरलंय की सानवी एआयच्या मदतीनं तुझी कादंबरी संपादित करेल. वह्यांचे फोटो काढले की मजकूर आपोआप टाइप होतो. मग ते यंत्र शुद्धलेखन बघतं, वाक्यं नीट करतं, कुठे कंटाळवाणं झालंय तेही सांगतं. तुझं पुस्तक तयार होईल आणि सानवीचा रकाना भरेल. आणि काम खरंच झालं याचा पुरावा म्हणून फाईलला पत्रव्यवहार लागतो, म्हणून ही पत्रं.

नाही म्हणू नकोस. माझ्या वेळी मला कुणी अशी संधी दिली असती तर आज मी कुठे असते, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

तुझी,
योगिनी


मांडवी, रत्नागिरी, १५ जून २०२५

प्रिय योगे,

तुझं पत्र पोचलं. सखू शेजारीण पाकीट बघून म्हणाली, कोर्टाचं काय गो? मी म्हटलं, नाही, अमेरिकेचं.

माझ्या वह्या कुणी मागेल असं मला वाटलं नव्हतं. दोन प्रकाशकांना लिहिलं होतं. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं टाइप करून पाठवा म्हणून कळवलं. मला एका बोटानं टाइप करायला पाच वर्षं लागली असती. तेव्हा यंत्र तर यंत्र. सहाही वह्या कापडात शिवून आज कुरियरनं पाठवल्या. कुरियरवाल्यानं आत काय म्हणून विचारलं. कादंबरी म्हटल्यावर त्यानं कागदावर 'किरकोळ सामान' असं लिहिलं.

सानवीला सांग, माझं अक्षर बर्फाचं टोकन लिहून लिहून तिरकं झालंय. चुका सापडतील त्या खुशाल काढाव्यात.

एकच मागणं आहे. गोष्ट धोंडूबाई नावाच्या मासळी विकणाऱ्या बाईची आणि तिच्या दोन मुलींची आहे. आपली आई आणि आपण दोघी त्यात आहोत, तुझ्यापासून काय लपवायचं. मुलींना मी नावं दिलेली नाहीत, मोठी आणि धाकटी एवढंच म्हटलंय. सातवं प्रकरण मात्र तू स्वतः वाच. सानवीनं वाचलं नाही तरी चालेल. ते वाचून झालं की मला लिही. काय वाटेल ते लिही. ते पत्र फाईलला लावलं नाहीस तर बरं.

होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात, ताजी मासळी नाही. सुके बांगडे खाऊन दिवस काढतोय.

तुझी,
ताई


पुणे, २ जुलै २०२५

प्रिय ताई,

वह्या मिळाल्या आणि सानवी झपाट्यानं कामाला लागली आहे. पहिली तीन प्रकरणं संपादित होऊन सोबत पाठवते आहे. वाचून बघ. तुझी भाषा इतकी गुळगुळीत झाली आहे की ही रत्नागिरीची कादंबरी आहे असं वाटतच नाही. सल्लागार बाईंनाही पहिलं पान फार आवडलं.

सानवीनं पहिलं प्रकरण करताना किती अडचणी आल्या आणि त्यातून ती काय शिकली, यावर दीडशे शब्दही लिहून झाले आहेत. अडचणी अजून यायच्या आहेत, पण बाई म्हणाल्या, आधी लिहून ठेवलेलं बरं.

तुझा अभिप्राय जरा सविस्तर लिही. शेवटी सानवीबद्दल दोन ओळी टाक, तिची चिकाटी वगैरे.

तुझी,
योगिनी


मांडवी, ९ जुलै २०२५

प्रिय योगे,

तीनही प्रकरणं वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

पहिल्याच पानावर माझी धोंडूबाई डोक्यावर पाटी घेऊन बंदरावर जाते. पाटी म्हणजे मासळीची टोपली, हे तुला सांगायला नको, आईच्या पाटीचं पाणी तुझ्याही पाठीवर गळलेलं आहे. यंत्राला वाटलं, शाळेतली पाटी. आता धोंडूबाई डोक्यावर पाटी घेऊन 'ज्ञानाच्या ओढीनं' निघते, आणि पुढे दोन वाक्यं बाईच्या शिक्षणावर आहेत. चाळीस वर्षांची बाई पहाटे शाळेत चाललीय आणि वाटेत तिच्या पाटीवर मांजरं का झडप घालतात, याचा खुलासा कुठेच नाही.

दुसऱ्या प्रकरणात बर्फाच्या लादीची 'बर्फाची फरशी' झाली आहे. कारखान्यात रोज शंभर फरश्या तयार होतात आणि होडीवाले त्या घेऊन समुद्रात जातात. वाचणाऱ्याला वाटेल समुद्रात बांधकाम चाललंय.

लिलावात धोंडूबाई एका दलालाला म्हणते, "मेल्या, हात काढ त्या सुरमईवरचा." आता ती म्हणते, "मित्रा, कृपया त्या माशाला स्पर्श करू नकोस." योगे, तो दलाल घाबरतो असं मी पुढे लिहिलंय. या वाक्याला कोण घाबरेल?

चुका काढा म्हटलं होतं मी, ते खरं. पण त्यानं चुका ठेवल्या आणि बाई काढली.

सानवीच्या चिकाटीबद्दल: पोर चिकाटीची आहे. मे महिन्यात किनाऱ्यावर दोन तासांचे फोटो तिनं वीस मिनिटांत काढून घेतले होते. हे फाईलला लावू नकोस. फाईलसाठी वेगळा कागद जोडलाय, त्यात चांगलं लिहिलंय.

सातव्यापर्यंत पोचलीस का?

ताई


पुणे, २० जुलै २०२५

प्रिय ताई,

पाटी आणि लादी दुरुस्त करून घेते. 'मेल्या'वर मात्र विचार कर. परदेशातला माणूस वाचणार, त्याला ते कसं वाटेल?

सातवं प्रकरण वाचलं. फार हृद्य झालं आहे. दोघी बहिणी घरच्या जबाबदाऱ्या किती समजुतीनं वाटून घेतात, मोठीचा त्याग, धाकटीची साथ. डोळ्यांत पाणी आलं. आपलंच बालपण आठवलं. तू मनात काही किंतु ठेवू नकोस, छान लिहिलं आहेस.

यंत्राच्या मते पुढची प्रकरणं थोडी आवळायला हवीत. बघते.

सानवीची गडबड चालली आहे. व्हायोलिनची परीक्षा, क्लास. पोरीला दम खायला वेळ नाही. पण आत्ता केलं तरच होईल. संधी एकदा हुकली की काय होतं ते मी तिला नेहमी सांगते.

तुझी,
योगिनी


मांडवी, २६ जुलै २०२५

माझ्या बाय,

तुझं पत्र हातात घेऊन मी ओट्यावर बसून राहिले. सखू आली, तिला वाटलं कुणी गेलं. तिला म्हटलं, नाही गो, कुणीतरी परत आलं.

मला वाटलं होतं, सातवं वाचल्यावर तुझं पत्र येणार नाही. आलंच तर त्यात काय असेल याचा विचार करून महिनाभर मला नीट जेवण गेलं नाही. आणि तू लिहितेस, मनात किंतु ठेवू नकोस. इतकं सहज. बत्तीस वर्षं मी ज्याला भीत होते ते तू एका ओळीत संपवलंस. तू नेहमीच माझ्यापेक्षा मोठ्या मनाची होतीस, हे आईसुद्धा म्हणायची आणि तेव्हा मला ते आवडायचं नाही.

आता यंत्राला काय हवं ते करू दे. 'मेल्या' काढायचं तर काढ. माझं पुस्तक झालं.

गणपतीला लवकर या. यंदा सौंदाळे मासे तुझ्यासाठी सांगून ठेवते, गणपती गेल्यावर खाऊ.

तुझी,
ताई


पुणे, ६ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

हे पत्र मी लिहितेय हे आईला माहीत नाही. फाईलसाठी नाहीये हे.

आधी एक खरं सांगते. तुझ्या कादंबरीचं एकही प्रकरण मी केलेलं नाही. आई कामावरून आली की वहीचे फोटो काढते, यंत्रात घालते, आणि जे येईल ते माझ्या नावानं सेव्ह करते. मी त्या वेळी क्लासला असते. मी काय शिकले ते दीडशे शब्दसुद्धा यंत्रानंच लिहिलेत.

परवा सल्लागार मॅडमनी सांगितलं, तुझ्या वहीतलं पान आणि संपादित पान शेजारी शेजारी ठेवून फोटो पाहिजेत. म्हणून मी पहिल्यांदा वह्या उघडल्या. चौथ्या वहीत सातवं प्रकरण निघालं. मी ते उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. नंतर लॅपटॉपवर त्याचं संपादित पान शोधलं. ते नाहीच आहे. सहाव्यानंतर थेट आठवं येतं. त्या जागी यंत्राची टीप आहे: 'प्रकरण सात मुख्य कथानक पुढे नेत नाही आणि गती मंदावते. वगळावे. सारांश: दोन बहिणी घरातील जबाबदाऱ्या वाटून घेतात. मोठीचा त्याग, धाकटीची साथ.'

मावशी, आईनं फक्त ही टीप वाचली आहे. मी आडून आडून विचारून बघितलं. म्हटलं, त्या प्रकरणात खो-खोचे सर येतात ना? ती म्हणाली, कुठले सर?

त्यात लिहिलंय की धाकटी सोळा वर्षांची असताना तिची जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड झाली. साताऱ्याला वीस दिवसांचं शिबिर होतं. सर लुनावरून घरी सांगायला आले. धाकटी नळावर पाणी भरायला गेली होती. मोठी दारात उभी राहिली आणि म्हणाली, तिला आता खेळायचं नाही, तिच्या लग्नाचं बघतोय. सर निघून गेले. आणि धाकटीला मोठीनं सांगितलं, यादीत तुझं नाव नाही.

धाकटी म्हणजे आई ना? ती मला रोज सहाला उठवताना हीच गोष्ट सांगते. माझं नाव यादीत आलं नाही, मला कुणी पुढे ढकललं नाही, म्हणून तू ऊठ.

अजून एक. तू लिहिलंयस की आई आजारी होती, घरात माणूस हवं होतं म्हणून मोठी तसं बोलली. पण त्याखाली एक ओळ खूप गिरवून खोडली आहेस. यंत्रानं खोडलेलं सोडून दिलं. मी पान खिडकीशी धरलं. 'माझ्यासाठी कधीच कुणी दारात आलं नव्हतं.' असंच आहे ना ते?

मी आईला काही सांगितलेलं नाही. सांगू का? तू सांग.

सानवी


मांडवी, १४ ऑगस्ट २०२५

प्रिय सानवी,

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, बंदरावर गजबज आहे. मी तुझं पत्र घेऊन तीन दिवस बंदराकडे फिरकले नाही.

पहिल्या दिवशी मला काय वाटलं ते तुला खरं सांगते, कारण तू मला खरं लिहिलंस. मला वाटलं, देवच पावला. मी माझं काम केलं, लिहून पाठवलं, तिला वाच म्हणून बजावलं. तिनं वाचलं नाही तर माझा काय दोष? यंत्रानं काढलं, आता निघालंच आहे तर राहू दे. वर तिची माफीही माझ्या पदरात पडलेली, तीही तिच्या अक्षरात नसली तरी तिच्या सहीची. अशी माफी कुणाला मिळते?

दुसऱ्या दिवशी ते पत्र पुन्हा वाचलं आणि माझी मला लाज वाटली. तिनं माफ केलं ते एका चांगल्या मोठ्या बहिणीला. ती बाई कादंबरीतसुद्धा नाही.

खोडलेली ओळ तू वाचलीस तशीच आहे. आईला तेव्हा कावीळ झाली होती हे खरं. बाबा मुंबईला गोदीत, तेही खरं. पण शेजारच्या यमुनाबाई वीस दिवस सांभाळायला तयार होत्या. सर आले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. दारात लुना थांबली तेव्हा मी पदर सारखा केला होता. वाटलं, माझं काही असेल.

तू काही सांगू नकोस. ते तुझं काम नाही. मीच पाठवते.

तुझी,
मावशी


मांडवी, १७ ऑगस्ट २०२५

योगिनी,

सोबत सातव्या प्रकरणाची अकरा पानं आहेत, माझ्या हातानं पुन्हा उतरवलेली. खोडलेली ओळ आता खोडलेली नाही. यंत्रात घालू नकोस. वाच.

ताई


पुणे, ३१ ऑगस्ट २०२५

आदरणीय ताई,

आपण पाठवलेली पाने मिळाली. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल मी मनापासून आभारी आहे. भूतकाळातील काही निर्णय त्या वेळच्या परिस्थितीतून घेतले जातात, हे मी समजू शकते. आपल्या भावना व्यक्त करण्यासाठी आपण दाखवलेले धैर्य प्रेरणादायी आहे. या संवादातून आपले नाते अधिक दृढ होईल, असा मला विश्वास वाटतो.

काही अपरिहार्य कारणास्तव यंदा गणपतीला येणे जमले नाही, याबद्दल दिलगीर आहे.

आपली,
योगिनी


मांडवी, ४ सप्टेंबर २०२५

योगे,

जन्मात तू मला कधी 'आपण' म्हटलं नाहीस. हे ज्यानं लिहिलं त्याला माझा नमस्कार सांग. त्याची माफी मला नको.

गणपती गेले. एकवीस मोदक केले होते. सखूच्या घरी पाठवले. सगळे विचारत होते, पुण्याची माणसं का नाही आली. मी सांगितलं, पोरीची परीक्षा आहे. खोटं बोलायला मला अजून जमतं.

तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे. आईच्या सगळ्या शिव्या तुला पाठ होत्या. पण स्वतः लिही.

ताई


पुणे, २१ सप्टेंबर २०२५

ताई,

हातानं लिहितेय. सवय गेली आहे, अक्षर लागलं नाही तर सानवीला विचार, ती आता वाकडी अक्षरं वाचण्यात पटाईत झाली आहे.

आधी सगळ्यात वाईट ते सांगते. तुझी पानं आली त्या आठवड्यात मी ती सल्लागार बाईंना दाखवली. का ते मलाही कळत नाही. कुणाला तरी दाखवायची होती, आणि समोर त्या होत्या. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, हाच सानवीचा निबंध. आईची हुकलेली संधी, मावशीचा कबुलीजबाब, तिसऱ्या पिढीची झेप. त्यांनी शेवटही सुचवला. आणि मी हो म्हणाले, ताई. घरी येईपर्यंत माझं ते हो कायम होतं. सानवीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात तू रडतेस ते मी कुठे लिहू? तू तर पानं वाचून एकदाही रडली नाहीस."

तिच्या लक्षात आलं होतं. मी पानं वाचून रडले नाही, चिडले नाही, मला धक्काही बसला नाही. तुला पाठवायला पत्र लिहायला बसले तर एक शब्द सुचेना, म्हणून ते दुसऱ्याकडून लिहून घेतलं. कारण जे लिहायला हवं होतं ते हे आहे.

तुझ्या प्रकरणात एक चूक आहे. मी नळावर नव्हते. कळशी भरून मी केव्हाच परत आले होते. मागच्या दाराशी होते. लुनाचा आवाज ओळखीचा होता, म्हणून कळशी खाली ठेवून उभी राहिले. सरांचं बोलणं ऐकलं. सातारा ऐकलं, वीस दिवस ऐकलं. तुझंही सगळं ऐकलं.

दोन पावलं टाकली असती तर मी पडवीत आले असते. सर, मला यायचंय, एवढं म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस? मी ते म्हटलं नाही. कारण तू नाही म्हणालीस आणि मला हायसं वाटलं.

रत्नागिरीत माझ्याइतकं पळणारी कुणी नव्हती. पण आधीच्या महिन्यात चिपळूणला साताऱ्याच्या मुली खेळताना मी बघितल्या होत्या. त्यांच्यासमोर मी अर्धा मिनिटही टिकले नसते. वीस दिवसांत ते सगळ्यांना दिसलं असतं, सरांना, तुला, मला. तू दारात उभी राहून माझी त्यातून सुटका केलीस. थोड्या वेळानं पुढच्या दारानं कळशी घेऊन आले आणि तू म्हणालीस, यादीत नाव नाही. मी रडले. तेही खोटं होतं, पण चांगलं जमलं, कारण तू मला त्या दिवशी तुझ्या वाटणीची माशाची तळलेली तुकडीसुद्धा दिलीस.

मग ते जमतच गेलं. नोकरीत मागे पडले की, केतनशी भांडण झालं की, मला संधी मिळाली नाही हे वाक्य तयार असायचं. सानवीला त्याच वाक्यानं वाढवलं. गेली चार वर्षं ती पोर माझ्या न गेलेल्या साताऱ्याला रोज सकाळी सहाला निघते.

तू वाकून इतकी वर्षं ओझं वाहिलंस ते मला दिसत होतं. दिवाळीला जास्तीचं पातळ, बाळंतपणात दोन महिने बिनपगारी रजा. मी सगळं घेत गेले. एका वाक्यात तुला मोकळं करता आलं असतं. पण मग माझ्याकडे काय उरलं असतं?

शिव्या तूच दे.

योगिनी


मांडवी, ५ ऑक्टोबर २०२५

योगे,

पत्र वाचलं आणि मला राग आला. माफी मागणाऱ्याला राग यायचा नसतो असं मला वाटायचं, पण चांगला सणसणीत आला. लग्नाचं एक स्थळ मी तुझं बाळंतपण आहे म्हणून पुढे ढकललं होतं, ते मग परत आलं नाही. तुझं मी नुकसान केलंय, आता मला कसलं सुख, असं धरून बसले होते. आणि तू मागच्या दारात कळशी ठेवून उभी.

सखूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दोघी सारख्याच. एकीनं दार अडवलं, दुसरीनं ते बरं झालं म्हटलं. फुकट मधल्या मधे सर गेले. तेवढ्यावर ती पाटी उचलून गेली, तिला गिऱ्हाईक होतं.

सर खरंच तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत मला बाजारात बघून रस्ता बदलायचे.

आईच्या शिव्यांपैकी तीन तुझ्यासाठी काढून ठेवल्यात, कागदावर लिहिण्यासारख्या नाहीत. दिवाळीत ये आणि ऐकून जा. सानवीलाही आण. व्हायोलिन आणू नका.

आणि प्रकरण सात चुकीचं आहे हे तू दाखवलंस. यंत्र, दोन प्रकाशक आणि मी, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. ते परत लिहावं लागेल. तुझ्याशिवाय ते लिहिता येणार नाही, याचाही मला राग आहे.

ताई


पुणे, २ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,

अर्ज काल भरले. चार विद्यापीठांना, त्यातलं एक पुण्यातलंच आहे. आई त्याला 'ते चौथं' म्हणते. व्हायोलिन सोडलं. गुरुजींनी फार वाईट वाटून घेतलं नाही, उलट जरा लवकरच हो म्हणाले.

दहाव्या रकान्यात मी लिहिलं: 'मावशीची हस्तलिखित कादंबरी टाइप केली. एकशे बासष्ट पानं झाली. संपादन केलेलं नाही.' सल्लागार मॅडम म्हणाल्या, हे फार साधं दिसतंय, शेवटचं वाक्य तरी काढ. मी म्हटलं, तेच खरं काम आहे. पहिल्या तीन प्रकरणांतल्या सगळ्या फरश्यांच्या परत लाद्या करायला मला पंधरा दिवस लागलेत. 'मेल्या' सगळीकडे परत आलाय. एका ठिकाणी तुझ्या वहीत नव्हता, तिथे आईनं घातला.

दिवाळीत तुम्ही दोघींनी लिहिलेलं नवं सातवं प्रकरण मी शेवटी टाइप केलं. तुम्ही ओट्यावर बसून कळशी कुठे ठेवली होती यावरून भांडलात, तेव्हा मला वाटलं होतं की ते कधी पूर्ण होणार नाही. आता ते एकोणीस पानांचं आहे.

काल अर्ज गेल्यावर मला गंमत सुचली. ते प्रकरण मी यंत्राला दिलं आणि विचारलं, कसं वाटतं? त्याला भाषा आवडली. पण खाली एक हरकत होती: 'धाकट्या बहिणीचं वर्तन विश्वासार्ह वाटत नाही. सत्य माहीत असूनही एखादी व्यक्ती केवळ स्वतःच्या सोयीसाठी जवळच्या माणसासमोर बत्तीस वर्षं गप्प राहील का? पुनर्विचार करावा.'

मी ते मोठ्यानं वाचलं. आई भाजी निवडत होती. उठली, हात पुसले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एकच शब्द टाइप केला: राहतात.

त्यानं लगेच माफी मागितली. एक सेकंदही लागला नाही.

तुझी,
सानवी